न बिघडणारा कॉम्प्युटर

घरगुती माणसाला कॉम्प्युटरची सिस्टिम बदलणं जमतं का, असं कुणी विचारलं तर मी छातीठोकपणे सांगते, जमतं. मला साठीच्या उंबरठ्यावर जमलं. नुकसान झालं ते त्यानंच.

दिंद्रुडला आमचं दुकान होतं. हे गेले, दुकान भाड्यानं दिलं, आणि पुण्यात नोकरीला लागलेल्या मुलानं आपला जुना कॉम्प्युटर मला आणून दिला. त्यात पत्रिका काढायचा प्रोग्रॅम होता. मी शाळेतून निवृत्त झालेली, मला विरंगुळा हवाच होता. गावातल्या बाया लेकींच्या जन्मवेळा घेऊन यायच्या. पत्रिका फ्लॉपीवर घालून छापायला माजलगावला जायची, आणि फ्लॉपी परत येताना व्हायरस घेऊन यायची. मशीन मान टाकायचं. मग मी फोन करायची आणि मुलगा यायचा.

आमच्या घरात कुणाला नुसतं 'ये' म्हणायची पद्धत नाही. दुकानदाराचं घर, गल्ला सोडून उठायचं तर काहीतरी काम पाहिजे. पोटच्या पोरालाही बिनकामाचं बोलवायला माझी जीभ रेटायची नाही. 'फॉरमॅट मारायला ये' एवढं मात्र हक्कानं म्हणता यायचं. सिस्टिम चढायला अख्खी दुपार जायची. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायची आणि आम्ही तिच्यासमोर बसून धपाटे खायचो. एरवी विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा पोरगा तेव्हा ऑफिसातलं, खोलीवरच्या पोरांचं, सगळं आपणहून सांगायचा. ती पट्टी मला फार आवडायची.

शेवटी तो वैतागला. एका मासिकाबरोबर मिळालेली लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टिमची सीडी घेऊन आला. "आई, ह्याला व्हायरसच लागत न्हाई बघ."

मीही हट्टी. पोराला अडाणी वाटू नये म्हणून सगळं शिकले. पत्रिकेचा प्रोग्रॅम तेवढा त्यावर चालेना, तेव्हा बायांनी माझं दार सोडलं. बाकी सगळं झकास. लिहा, गाणी ऐका, पत्ते खेळा. बोटं दुखेपर्यंत मी एकटी पत्ते खेळले. दिवाळीला तो उभ्या उभ्या येऊन गेला. मशीनकडं बघून खूश झाला, म्हणाला, "आता तुला कुनाची गरज न्हाई." त्या मशीनवर घागरभर पाणी ओतावं असं मला वाटलं.

गुढीपाडव्याला राहवलं नाही. फोन लावला. "मशीन बिघडलंय. ये."

"पडद्यावर काय दिसतंय?"

आता आली का पंचाईत! जुन्या सिस्टिमची सगळी दुखणी मला तोंडपाठ होती. ही कधी बिघडलीच नव्हती, तर बिघडल्यावर कशी दिसते हे मला कुठून ठाऊक असणार? मी म्हटलं, "काहीच दिसत न्हाई."

"मग लाईट गेली असंल, आई. तेवढ्यासाठी कशाला येऊ?"

"बरं," म्हटलं आणि फोन ठेवला. डोक्यावर पंखा फिरत होता.