उंदराचा उजवा कान

"मैडम तो चूहों से भी पर्दा करती हैं।"

हे मी दाराआड एका पायावर उभी राहून ऐकलं. दुसऱ्या पायात निळं प्लॅस्टिकचं कव्हर चढवत होते. आमच्या संस्थेच्या ॲनिमल हाऊसमध्ये शिरायचं तर गाऊन, टोपी, मास्क, हातमोजे आणि बुटांवर ही कव्हरं, एवढं सगळं घालावं लागतं. घालून झालं की माझे फक्त डोळे उरतात. खरं सांगायचं तर आख्ख्या लखनौमध्ये मला मोकळं वाटतं ते याच पोशाखात.

बोलणारे चाचा होते, तिथले अटेंडंट. पन्नाशी कधीच ओलांडलेली, मिशीला मेंदी. पिंजरे बदलणं, पिल्लं मोठी झाली की आईपासून वेगळी करणं, त्यांच्या कानांना खुणेची भोकं पाडणं ही त्यांची कामं. ऐकणारा दुसरा अटेंडंट खो-खो हसत होता. मी आत गेले, "नमस्ते चाचा" म्हणाले. ते बहुधा मास्कच्या आतच राहिलं, कारण चाचांनी मान वर केली नाही.

त्यांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. इम्युनॉलॉजीत पीएच.डी. करणारी, तीन महिने रोज चोवीस उंदरांची वजनं घेणारी मी उंदराला हात लावत नव्हते.

पहिल्या आठवड्यात एकदा लावला होता. मानेची कातडी चिमटीत धरायची, शेपूट करंगळीखाली दाबायची, असं सरांनी शिकवलं. सर म्हणजे माझे गाइड. मी धरलं. उंदीर माझ्या हातमोज्यावर मुतला, मी चिमूट सोडली आणि तो सरांच्या बुटावर पडला. सर बुटाकडे बघत राहिले. त्यानंतर मी एक युक्ती काढली. पिंजऱ्यात पुठ्ठ्याची नळी ठेवायची. उंदीर कुतूहलाने आत शिरतो. नळी उचलून पारदर्शक बरणीत रिकामी करायची आणि बरणी वजनकाट्यावर ठेवायची. बरणीत उंदीर मागच्या पायांवर उभा राहतो, पुढचे पंजे काचेला टेकतो आणि माझ्याकडे बघतो. मी त्याच्याकडे बघते. दोघांनाही एकमेकांची भीती वाटत असते, त्यामुळे संबंध बरोबरीचे राहतात.

गंमत म्हणजे हे सरांना फार आवडलं. उंदराला न पकडता हाताळलं की त्याला ताण कमी येतो, हे खरंच आहे. सरांनी मला लॅब मीटिंगमध्ये त्यावर बोलायला लावलं. मी तीन स्लाइड केल्या, 'प्राण्यांच्या कल्याणासाठी' वगैरे. बोलले किती? चार वाक्यं, तीही स्लाइडवरची. भित्रेपणावर एवढी टाळी क्वचितच कोणाला मिळाली असेल.

घरी माझ्याबद्दल वेगळाच समज होता. बाबा बँकेत. त्यांची इथे बदली झाली तेव्हा मी दुसरीत होते, आणि मग आम्ही निशातगंजलाच राहिलो. घरात मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी. त्यामुळे मला तीन भाषांमध्ये गप्प बसता येतं. मागच्या हिवाळ्यात स्वयंपाकघरात उंदीर निघाला तेव्हा आईने मला हाक मारली, "अगं ये, तुझं खातं आहे!" मी आले, पाहिलं आणि डायनिंगच्या खुर्चीवर चढले. आई खाली, हातात झाडू. म्हणाली, "सरकार तुला स्टायपेंड कशाचा देतं गं?"

तर, काम काय होतं ते सांगते. आपल्या शरीराच्या रक्षक पेशी कधी कधी आपल्याच आतड्यावर तुटून पडतात. त्यांना आवर घालणारं एक जनुक आहे, असा सरांचा अंदाज. ते तपासायला ते जनुक काढून टाकलेले उंदीर वापरायचे. त्यांना आम्ही नॉकआउट म्हणतो. एकाच वेतातली काही पिल्लं जनुकासह जन्मतात, काही जनुकाशिवाय. दिसायला अगदी सारखी, सगळी काळी. एकाच पिंजऱ्यात, एकच खाणं, आणि पाण्यात आतड्याला सूज आणणारं एकच रसायन. मग रोज वजन. ज्यांच्यात जनुक नाही ते जास्त आजारी पडायला हवेत, त्यांचं वजन झरझर उतरायला हवं.

कोण कोण आहे हे कळतं ते फक्त कानांवरून. चाचा पिल्लाच्या कानाला चिमट्याने भोक पाडतात. उजव्या कानाला एक भोक म्हणजे एक नंबर, डाव्याला एक म्हणजे दोन. उजव्याला दोन म्हणजे तीन, डाव्याला दोन म्हणजे चार. भोक पाडताना निघालेला कातडीचा कण त्या नंबरच्या ट्यूबमध्ये जातो. ती ट्यूब लॅबमध्ये येते, आम्ही डीएनए काढतो आणि ठरतं की या पिंजऱ्यातला एक नंबर नॉकआउट, दोन नंबर साधा. सगळा डोलारा उंदराच्या कानावर.

आणि माझे आकडे वेड्यासारखे आले. दोन पिंजऱ्यांत अपेक्षेप्रमाणे. उरलेल्या चारांत उलटंच, साधे उंदीर कडेलोटावर आणि नॉकआउट टुणटुणीत. सोमवारी सरांनी माझा ग्राफ पडद्यावर बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "ट्यूब्स मिक्स अप हुई हैं। ॲनिमल हाऊस में।"

मी मान हलवली. मला त्यातलं काही माहीत नव्हतं, पण सर बोलले की माझी मान आपोआप हलते.

"शुक्रवारच्या मीटिंगला चाचांना बोलवा," सर म्हणाले. "मी ॲनिमल हाऊसच्या इन-चार्जना लेखी तक्रार देणार आहे."

लॅबमधल्या सीनियर दीदीने बाहेर आल्यावर मला सांगितलं की चाचा कायम नोकरीत नाहीत. ते एजन्सीमार्फत आलेले, दर वर्षी कंत्राट नवं होतं आणि ते याच महिन्यात व्हायचं होतं. "लेखी गेलं तर समज गेले," ती म्हणाली. "मागच्या वर्षी एकाचं झालंय असं." मी "अच्छा" म्हणाले. एवढंच. काही लोकांच्या तोंडून अशा वेळी वाक्यं बाहेर पडतात. माझ्या तोंडून 'अच्छा' बाहेर पडतं.

गुरुवारी वजनाला गेले तर चाचा माझी वाट बघत होते. हसले नाहीत, टोमणा नाही.

"बिटिया, सुना है हमने ट्यूब बदल दी।"

"नहीं चाचा, वो सर…" मी पुढचं गिळलं.

"एक काम कीजिए। हमारे सामने पढ़िए। हम भी देखें, हमसे कहाँ गड़बड़ हुई।"

मी नळी ठेवली. उंदीर शिरला. नळी बरणीत रिकामी केली. उंदीर उभा राहिला, काचेला पंजे टेकले, माझ्याकडे बघितलं. डाव्या बाजूला एक भोक. "दो नंबर," मी म्हणाले आणि रजिस्टरमध्ये लिहायला वाकले.

"कौन सा?"

"दो।"

चाचांनी बरणीत हात घातला, शेपटीच्या मुळाशी धरून उंदीर उचलला आणि पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवला. उंदीर जाळीला पुढच्या पंज्यांनी घट्ट धरून पुढे ओढू लागला. पाठ आमच्याकडे, तोंड भिंतीकडे. चाचांनी बोटाने कान दाखवला.

"ये इसका दाहिना है। एक नंबर।"

उजवाच होता. माझ्याही उजव्या हाताला, उंदराच्याही.

मला वाटतं मी बराच वेळ त्या कानाकडे बघत असणार, कारण चाचा म्हणाले, "पकड़ के देखेंगी?" आणि मी दोन पावलं मागे सरले.

जगातली सगळी माणसं उंदराला पाठीमागून बघतात, कारण ती त्याला पकडतात. मी समोरून बघत होते. समोर तोंड करून उभ्या असलेल्या कोणाचाही उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो. हे मला पहिलीच्या कवायतीत कळलं होतं. त्यानंतर अकरा वर्षं शाळा, पाच वर्षं कॉलेज, एक राष्ट्रीय पातळीची परीक्षा, आणि मी तीन महिने, रोज, चोवीस उंदरांचे कान उलटे वाचले होते. एकाला दोन म्हणत होते, तीनला चार. आणि स्लाइडवर लिहिलं होतं, प्राण्यांच्या कल्याणासाठी.

चाचांना मी काय सांगितलं? "मैं अभी आई," म्हणाले आणि बाथरूममध्ये गेले. अंगावर गाऊन तसाच, जे नियमात अजिबात बसत नाही.

मग लॅबमध्ये येऊन लॅपटॉप उघडला आणि तक्त्यात एकाच्या जागी दोन, तीनच्या जागी चार केलं. ग्राफ बदलला. सहाही पिंजऱ्यांत नॉकआउट आजारी, साधे बरे. दोन रेघा अशा स्वच्छ वेगळ्या झाल्या की पुस्तकात छापाव्यात. ज्या दोन पिंजऱ्यांत आधीच बरोबर आलं होतं, तिथे अदलाबदल झालेल्या जोडीतले दोघेही नॉकआउट किंवा दोघेही साधे होते, म्हणून काही बिघडलं नव्हतं. सरांचा अंदाज खरा होता. मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण आधी आनंदच झाला, चांगला मिनिटभर. चाचा त्या मिनिटात कुठेच नव्हते.

त्यानंतर मी सरांना ईमेल लिहायला घेतला. इंग्रजी शाळेने मला एक देणगी दिली आहे, कर्त्याशिवाय वाक्य लिहिण्याची. मी लिहिलं की नोंदींमध्ये दिशेसंबंधी काही विसंगती आढळून आली आहे. विसंगती आढळली. कोणाला? कोणामुळे? वाक्य सांगत नव्हतं. पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की ते वाचून सर म्हणतील, बघा, मी म्हटलंच होतं, चाचांनी भोकं उलटी पाडली. माझं व्याकरण बिनचूक होतं आणि चाचांची नोकरी त्यात आरामात जात होती. मी तो ईमेल पाठवला नाही. पुसलाही नाही. ड्राफ्टमध्ये ठेवला. असे माझे बरेच असतात.

घरी आईने विचारलं, "चेहरा का उतरलाय?" मी म्हटलं, "उंदीर." ती म्हणाली, "चावला?" मी म्हटलं, "नाही, मी चावले." तिने कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. मग मी तिला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग सांग ना उद्या. त्यात काय एवढं?" आईला कुणाशीही बोलता येतं. सिग्नलला थांबलेल्या परक्या बाईला ती साडी कुठून घेतली हे विचारते. तिला काय समजणार.

शुक्रवारी मीटिंगच्या खोलीत नेहमीचे आठजण होते आणि दाराजवळ चाचा. त्यांना कोणी बस म्हटलं नाही. रिकामी खुर्ची माझ्याच शेजारी होती. ती त्यांच्याकडे सरकवावी असं मला वाटलं, आणि तेवढ्यात खुर्ची सरकवायची की नुसतं 'बैठिए' म्हणायचं याचा विचार करण्यात वेळ गेला. सरांनी जुना ग्राफ लावला. नवा माझ्या पेनड्राइव्हमध्ये होता, पेनड्राइव्ह मुठीत, मूठ टेबलाखाली.

सर इंग्रजीत बोलत होते. नमुने हाताळण्याची पद्धत, जबाबदारी, तीन महिन्यांचं काम वाया, असं. चाचा शब्द शब्द ऐकत होते आणि त्यातलं काहीच त्यांना कळत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी सर हिंदीत म्हणाले, "बताइए, ट्यूब भरते वक़्त कान देखते हैं कि नहीं?"

"साहब, नौ साल से कान ही देख रहे हैं।"

कोणीतरी हसलं. चाचा हसले नाहीत. ते सरांकडेही बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, आणि मला कळलं की त्यांना कालच समजलं होतं. जाळीवर उंदीर ठेवला तेव्हाच. त्यांनी ते स्वतः सांगितलं असतं तर कोणी मानलं नसतं, हेही त्यांना समजलं होतं.

"ठीक है, आप जाइए," सर म्हणाले. "लेटर आज जाएगा।"

चाचांनी दाराला हात लावला. मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली, तिचा आवाज फार मोठा झाला, आणि आता सगळे माझ्याकडेच बघत होते, त्यामुळे बसायलाही उशीर झाला होता. इंग्रजी वाक्य तयार होतं, कर्त्याशिवायचं. ते तोंडाशी आलं. मी ते गिळलं आणि चाचांना कळेल अशा भाषेत, हवा होता त्यापेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात म्हणाले,

"सर, लेटर मेरे नाम का लिखिए। चाचा ने सब कान सही काटे थे, उल्टे मैंने पढ़े हैं, तीन महीने, क्योंकि मुझे चूहा पकड़ने से डर लगता है।"