चंद्रप्पांची आजारी मोटार

लातुरात त्या वेळी मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्यांतली जी फाटकाबाहेर जात नव्हती ती आमच्या घरमालकांची होती. चंद्रप्पा हालकुडे त्यांचं नाव. गंजात, म्हणजे बाजारपेठेत, तेलाचं दुकान, दुकानामागं घर, आणि घरातल्या एका खोलीत मी भाड्यानं राहत होतो. मी निजाम सरकारच्या शाळेत मास्तर होतो. दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीच्या दोन-तीन वर्षांतली ही हकीकत आहे. त्यांतलं आता कुणी राहिलेलं नाही म्हणून लिहायला धजतो आहे. एरवी पोस्टकार्डाच्या पलीकडे माझ्या हातून काही लिहून होत नाही.

चंद्रप्पा धाडसी माणूस नव्हते. दुकानात उंदीर निघाला तर आधी स्वतः गादीवर उभे राहायचे आणि मग नोकराला हाक मारायचे. अशा माणसानं हैदराबादला बदलून गेलेल्या एका साहेबाची उघडी मोटार विकत घ्यावी, याला कारण त्यांची बायको गुरम्मा. आणि गुरम्माला कारण तिची भावजय जगदेवी. गुरम्मा कंधारला माहेरी गेली असताना जगदेवी चार बायकांत म्हणाली होती, "आमच्या वन्संचा तेलाचा धंदा लई मोठा हाय म्हनं. पर येतात मातर बैलगाडीत, पेंडीच्या पोत्यावर बसून."

गुरम्मा परत आली ती शपथ घेऊनच. "आता मोटारीतनं उतरंन, तरच त्या उंबऱ्याला पाय लावीन."

मोटार आली. गुरम्मानं ओवाळली. पण कंधारचा मुहूर्त निघण्याआधीच तहसिलीतला पेशकार दारात उभा राहिला.

"मुबारक हो, अप्पा! साहेबांचा दौरा निघतोय. मोटार पाठवून द्या."

आजच्या मुलांना हे सांगावं लागेल. साहेब दौऱ्यावर निघाला की गावच्या गाड्या, बैल, दूध, कोंबड्या, सगळं बेगारीत जायचं. मोटारवाल्यानं मोटार द्यायची, पेट्रोल घालायचं, आणि परत कधी मिळेल हे विचारायचं नाही. नाही म्हणण्याची सोयच नव्हती.

चंद्रप्पा नाही म्हणालेही नाहीत. "हाजीर हाय की सरकार," म्हणाले, मोटारीत वाकून चप्पल नीट केली, खाली उतरून हँडल मारलं. इंजिन झकास सुरू झालं. मोटार फाटकापर्यंत आली, खोकली आणि बंद पडली. पुन्हा हँडल, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा पेशकारानंच हात जोडले.

खरा प्रकार मी आत्ताच सांगून टाकतो. वाचणाऱ्याला ताटकळत ठेवणं मला जमत नाही. त्या मोटारीची पेट्रोलची टाकी समोरच्या काचेच्या पुढं होती आणि तिची तोटी आत, पायांच्या वर. तोटी बंद केली तरी नळीत आणि इंजिनाजवळच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन मिनिटभर चालतं. मग मरतं. चप्पल नीट करताना चंद्रप्पा तोटी फिरवत असत.

पुढं गंजातला प्रत्येक शहाणा मोटार तपासून गेला. घड्याळं दुरुस्त करणारा म्हणाला, आतली कमान थकली आहे. गिरणीवाला म्हणाला, पट्टा घसरतोय. पट्टा कुठं आहे तेवढं मात्र त्याला सापडलं नाही. आमच्या वैद्यांनी धुराचा वास घेऊन तिला लातूरची हवा मानवत नसल्याचं सांगितलं. चंद्रप्पा प्रत्येकाला चहा पाजत आणि मान हलवून ऐकून घेत. इतका शांतपणे ऐकून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण ज्याला उत्तर ठाऊक आहे, त्याला ऐकून घ्यायला काय जातं?

पेशकार अधूनमधून डोकावायचा. "अप्पा, बीमाराची तबियत कशी आहे?"

"उठती अन् पडती, सरकार."

म्हणजे मोटार कायमची आजारी राहणं भाग होतं. ती रस्त्यावर दिसली असती तर मोटारही गेली असती आणि चंद्रप्पाही. त्यातून त्यांनी हे गुपित गुरम्मालासुद्धा सांगितलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, बायकोला सांगितलं म्हणजे गंजात दवंडी पिटली. गुरम्मा बिचारी दर सोमवारी पूजा झाली की मोटारीपाशी जाई. मोटारीचं कपाळ कुठं असतं, हा प्रश्न तिनं आपल्या परीनं सोडवला होता. काचेच्या पुढं मधोमध टाकीचं गोल झाकण होतं. त्यावर ती ओल्या भस्माचे तीन पट्टे ओढी आणि हात जोडून उभी राही. नवरा ओट्यावरून बघत असे.

अशा दोन पंचम्या गेल्या. आमच्याकडे नागपंचमीला लेक माहेरी गेली नाही तर गावाला कारण द्यावं लागतं. तिसऱ्या पंचमीच्या तोंडावर कंधारहून एका गाडीवानाबरोबर गुरम्माच्या आईचा निरोप आला. "डोळ्याला दिसंनासं व्हायलंय. या पंचमीला आली तर लेकीचं तोंड दिसंल. म्होरल्या पंचमीला नुसता आवाज."

गुरम्मा त्या दिवशी जेवली नाही. चंद्रप्पा म्हणाले, "अगं, गाडी जुंपतो. म्हातारीसमोर कसली शपथ?"

"अव्वाच्या शेजारी जगदेवी बसलेली असती," गुरम्मा म्हणाली. "तिचे डोळे लई चांगले हायत."

संध्याकाळी चंद्रप्पा माझ्या खोलीत आले, दार लोटून घेतलं आणि तोटीची सगळी हकीकत मला सांगितली. मग म्हणाले, "मास्तर, उर्दूत एक अर्ज लिवा. मोटार दुरुस्तीला नांदेडला चालली म्हनून. अन् तुमीबी संगं चला. कुनी आडवलं तर अर्जाचा मानूस जवळ असलेला बरा."

मला नको म्हणायचं होतं. पण तेवढ्यात त्यांनी आभार मानले होते.

निघालो तो देखावा गंज पुष्कळ दिवस विसरला नाही. पुढं बैलजोडी, मागं दोर बांधलेली मोटार, मोटारीत चक्र धरून बसलेले चंद्रप्पा, आणि मागच्या सीटवर रेशमी काठाचं इरकल नेसून तोंडावर पदर घेतलेली गुरम्मा. मी सामानाआड अंग चोरून बसलो होतो.

"अप्पा, बैलांला पेट्रोल पाजलं का?" कुणीतरी ओरडलं.

"वैनी, हारन तरी वाजवा!"

पदराआडून गुरम्मा म्हणाली, "ह्याच्यापरीस बैलगाडी बरी व्हती. तिला निदान बैलं शोभत्यात."

गाव मागं पडल्यावर चंद्रप्पांनी दोर सोडवला, बैल नोकराबरोबर परत पाठवले, वाकून चप्पल नीट केली आणि हँडल मारलं. मोटार सुरू झाली आणि चालायला लागली. एक शेत गेलं, दुसरं गेलं, तरी चालतच होती.

"चालू झाली! चालू झाली की!" गुरम्मा मागून त्यांचा खांदा हलवायला लागली. "मी म्हनत न्हवते? माजे सोमवार वाया जायचे न्हाईत!"

चंद्रप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "देवाची किरपा," ते म्हणाले.

पहिला ओढा ओलांडला आणि मोटार खोकून बंद पडली.

चंद्रप्पांनी सवयीनं गोंधळलेला चेहरा केला, तोटीकडं हात नेला आणि तिथंच थबकले. तोटी उघडी होती. दोन वर्षं ते गोंधळल्याचं सोंग करत होते; आता खरोखर गोंधळले तर तो चेहरा काही तितकासा साधेना. हँडल मारलं, सुरू झाली. बाभळीपर्यंत गेली, बंद. नळी सोडवून फुंकली. वाटी उघडून फडक्यानं पुसली. प्लग काढून धोतराला घासले. थोडा वेळ गेला की सुरू व्हायची, शे-दोनशे पावलं जायची आणि बंद पडायची. पंचमीचा दिवस वर चढत होता. पावसानं त्या साली ओढ दिली होती, एवढंच बरं.

"घडीभरसुदिक चालंना ही," गुरम्मा म्हणाली. "काय केलं तुमी तिला?"

"देवाशपथ, आता मी काय बी केलं न्हाई गं!"

"आता म्हंजे?"

"म्हंजे... आदीबी न्हाई."

गुरम्मानं त्यांच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग कनवटीची भस्माची पुडी काढली, तळहातावर भस्म कालवलं आणि मोटारीच्या कपाळाकडं गेली. तिथं पट्टे ओढायला जागाच नव्हती. दोन वर्षांच्या सोमवारांचा त्या झाकणावर गिलावा झाला होता.

चंद्रप्पांनी तिचा हात धरला. झाकणाच्या मधोमध नखानं खरवडलं. पापुद्रा निघाला, खाली बारीक भोक दिसलं, आणि त्यातून सूं करून वारा आत गेला. कुणीतरी दीर्घ श्वास घ्यावा तसा आवाज झाला.

ते तेलवाल्याच्या आवाजात म्हणाले, "तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर काय व्हतं?"

"व्हतंय काय? गटगट करतंय अन् थांबतंय. वाऱ्याला दुसरं भोक पाडावं लागतंय," गुरम्मानं सांगितलं. एवढं गंजातलं पोरसुद्धा सांगेल. सांगता सांगता तिचं लक्ष आपल्या पांढऱ्या बोटांकडं गेलं आणि ती मैलाच्या दगडावर खाली बसली.

"म्हंजे मीच. दोन पंचम्या मीच अव्वाला तोंड दावलं न्हाई."

मी बाभळीकडं बघत राहिलो. चंद्रप्पांना फक्त गप्प बसायचं होतं. इतकी आयती सुटका कुणाला मिळत नाही, आणि ती त्यांनी घेतली असती तर मी तरी बोललो नसतो. ते पंच्याला हात पुसत राहिले.

"न्हाई गं," शेवटी म्हणाले. "तुजं भस्म आजच आडवं आलं. आदीचं सगळं माजं."

त्यांनी तिला आत वाकवून तोटी दाखवली. गुरम्मानं ती स्वतः फिरवली. बंद केली, उघडली.

"एवढंच?"

"एवढंच."

"अन् ह्याच्यापायी मी सोमवार धरले." ती मागच्या सीटवर जाऊन बसली. "मोटार हाकता, का मी पायी जाऊ?"

चंद्रप्पांनी हँडल मारलं. मोटार सुरेख चालली. अहमदपूर मागं पडल्यावर मागून आवाज आला, "माहेरात मी सांगीन ते खरं. तुमी दोघं नुस्ती मान हालवायची."

कंधारला दारात मोटार थांबली. म्हाताऱ्या आईनं आधी मोटारीचा दिवा चाचपला, मग दार, मग लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडं वळवलं आणि पुष्कळ वेळ सोडलं नाही. जगदेवी भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिला गुरम्मानं सांगितलं, "दोन वर्सं बंद पडली व्हती, वैनी. लातूरच्या सगळ्या शान्यांनी हात टेकले. शेवटी भस्मानं उठली."

आम्ही माना हलवल्या.

दिवे लागेपर्यंत अर्धं कंधार येऊन झाकणाला हात लावून गेलं. एकीनं पुढं नारळही फोडला. लातूरची तहसील वेगळी आणि इथली वेगळी. लातूरच्या आजाराची इथल्या कचेरीत नोंद नव्हती, बरं झाल्याची खबर मात्र गावभर होती. सकाळी इथल्या तहसिलीचा माणूस आला.

"करामती मोटार हीच ना? साहेबांना दौऱ्यासाठी हवी आहे."

"हाजीर हाय की सरकार," चंद्रप्पा म्हणाले आणि चप्पल नीट करायला वाकले.

"राहू द्या," मागून गुरम्मा हळूच म्हणाली.

"अगं, मोटार जाईल!"

"जाऊ द्या. जगदेवी दारातनं बघून राहिली. आता बंद पडली तर माज्या भस्माचं काय?"

चंद्रप्पा सरळ झाले. हँडल मारलं. मोटार एका झटक्यात सुरू झाली आणि कुठंही न खोकता किल्ल्याच्या बाजूला वळून दिसेनाशी झाली.

मी आणि चंद्रप्पा सरकारी बसनं लातूरला परतलो. गुरम्मा आली नाही. मोटारीतून आलेली लेक मोटारीशिवाय जाणार कशी, असं तिनं माहेरी सांगितलं, आणि जगदेवीलाही ते पटवून घ्यावं लागलं. दौरे संपेनात. श्रावण गेला, पोळा गेला, गौरी गेल्या. चंद्रप्पा हातानं करपवलेल्या भाकरी माझ्याबरोबर खात. एक दिवस ते टोपी घालून कंधारच्या साहेबाचे पाय धरायला निघाले, तर वाटेत तोच कंधारचा गाडीवान भेटला. गुरम्माचा निरोप होता.

"साहेबाला म्हनावं, दौरा सावकाश करा. अव्वाला अजून दिसून राहिलंय."

चंद्रप्पा परत आले, टोपी खुंटीला लावली आणि चूल पेटवायला बसले.