फाळक्याची गाडी

अणदूरच्या माणसांना सरुबाई पायांवरून ओळखत असे, आणि त्यामुळं कुणाबद्दल फारसं चांगलं मत राखणं तिला जमलं नव्हतं. चार वर्षांची असताना तापात तिचे पाय गेले; तेव्हापासून ती जमिनीलगतच जगली. वरून माणसं कशी दिसतात ते तिला ठाऊक नव्हतं. खालून टाचांच्या भेगा दिसत, वहाणांचे तुटके अंगठे दिसत, आणि दया दाखवून झाल्यावर निघायची घाईही दिसे.

बहात्तरच्या दुष्काळात ती सडकेच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. बसून करायचं काम, त्यात ती कुणाला हार जात नव्हती. धाकटा भाऊ महारुद्र रोज तिला पाठुंगळी घेऊन जायचा. पण येत्या सोमवारपासून त्याची रवानगी दूरच्या तलावाच्या कामावर होणार होती, आणि मुकादमानं बजावलं होतं, "आठच्या आत जो खडीवर नसंल, त्याचं नाव कटलं." नाव कटलं की ओट्यावर बसून भावजयीच्या भाकरीची वाट बघायची. ती वाट सरुबाईनं तीस वर्षं बघितली होती.

शनिवारी सोसायटीचे चेअरमन नानासाहेब ओट्यापाशी थांबले. करकर वाजणारा जोडा, एका बाजूनं झिजलेला.

"सरू, तुझ्या तीनचाकीचा अर्ज वर गेलाय. जरा कळ काढ."

"कळच काढतीया, साहेब. तीनचाकी येईस्तोवर सडक तयार हून झिजल बी."

नानासाहेब हसले. हसता हसता जोडा दोन पावलं मागं सरला.

रविवारी महारुद्रनं तिला सडकेवरच्या बंडप्पाच्या गॅरेजात नेलं. तिथं ट्रकच्या जुन्या बेरिंगांचा ढीग पडलेला असे. फळीला चार बेरिंगं ठोकली की आपली आपण जाता येईल, हे तिनं मनाशी धरलं होतं. बेरिंग तिनं जन्मात हाती घेतलं नव्हतं. पण चहाला जमलेल्या पाच-सहा जणांना सगळं ठाऊक होतं, आणि सांगायला सबंध रविवार मोकळा होता.

"चाक थोरलं घे, सरूअक्का. खड्ड्यात अडकत न्हाय."

तिनं थोरलं बेरिंग दोन्ही हातांनी जेमतेम उचललं. "हे वढायला पुन्यांदा महारुद्रच लागंल," म्हणून खाली सोडलं.

बैलगाड्या बनवणारा गुंडप्पा सुतार बाभळीची जाड फळी घेऊन आला होता. वीतभर उंच पाय लावू म्हणाला. "गाडी म्हटल्यावर उंची पायजेच."

"गुंडप्पामामा, तुमी बैल जुपणार हाव का?" सरुबाईनं मूठ भुईवर टेकवली. "माझा हात इथं पोचला तरच गाडी हालंल. वर बसवून माझी काय वरात काढायचीया?"

 बंडप्पानं लहान बेरिंगं तिच्यासमोर ओतली. एकेक बोटावर फिरवून ती कानाशी धरू लागली. खरखरणारी बाजूला. आवाज न करता बराच वेळ फिरणारी पदरात. अशी चार सापडायला दुपार झाली. फळीसाठी तिनं ट्रकचा मोडका फाळका निवडला, हलका आणि वर्षानुवर्षं ऑइल पिऊन मऊ झालेला. हाताला बांधायला टायरचे दोन तुकडे कापून घेतले. बंडप्पानं फाळक्याला चारी बेरिंगं ठोकली, पुढं दोरी ओवली. गॅरेजच्या फरशीवर तिनं एक ढकल दिली तशी गाडी सरळ जाऊन बंडप्पाच्या अनवाणी पायाला लागली.

"चालतीया," बंडप्पा म्हणाला.

संध्याकाळी भावजय कस्तुराबाईनं रीतीप्रमाणं गाडीला हळदकुंकू वाहिलं. नव्या गाडीची दुसरी रीत गुंडप्पानं पाळली. सरुबाई आत भाकरी खात असताना त्यानं एरंडेलात पेंढ्याची राख कालवून केलेलं घट्ट वंगण चारी बेरिंगांत दाबून भरलं. बैलगाडीचा आस त्यानं जन्मभर असाच राखला होता.

सोमवारी सूर्य वर यायच्या आत ती निघाली. वस्ती संपेपर्यंत गाडी जड का लागते ते कळेना. पुढं सडकेवर खडीची भुकटी पसरलेली होती. ती वंगणाला चिकटली. निम्म्या वाटेत आधी एक चाक थांबलं, मग चारी. सरुबाईनं बोट घालून पाहिलं. काळा चिकट गोळा. वासावरून तिला गुंडप्पाचं नाव कळलं.

मागून कामावर निघालेल्या बायका थांबल्या. "ऱ्हाऊ दे आता, अक्का. जा माघारी."

 तिनं गाडीची दोरी कमरेला बांधली, टायरचे तुकडे आवळले आणि तळव्यांवर अंग उचलत पुढं निघाली. फाळका मागून घासत येत राहिला.

मुकादमानं वही मिटायला घेतली तेव्हा त्याच्या चपलांशी दोन हात टेकले.

"सरुबाई हाजर."

"आन गाडी कुठाय तुजी?"

"मागनं येतीया. वंगण पिऊन."

मुकादमानं वही उघडली.

दुपारी गुंडप्पा चौकशीला आला. गाडी अडली हे त्याच्या कानावर गेलं होतं. "वंगण कमी पडलं का गं?"

सरुबाईनं हातोडी ठेवली. त्याच्या धुळीनं भरलेल्या नखांकडं पाहिलं.

"मामा, घासलेट आणा वाटीभर. आन हितं खाली बसा. बेरिंगची एकेक गोळी धुवायची, काळं निघंस्तोवर. मला सांजंला घरी जायचंय."

गुंडप्पा घासलेट घेऊन आला. गुडघे कुरकुरवत भुईवर बसला. एवढ्या वर्षांत त्याचं तोंड तिला पहिल्यांदाच समोर दिसलं. पायांपेक्षा काही फार शहाणं वाटलं नाही. तिनं एक बेरिंग त्याच्या हातात दिलं, धुऊन झाल्यावर परत घेतलं, बोटावर फिरवून कानाशी धरलं.

"पुन्यांदा धुवा," ती म्हणाली.