चौरंगावरची सही

ते प्रकरण आठवले की मला आधी खोबरेल तेलाचा वास येतो. आरोपीचा चेहरा नंतर. पोलिसाच्या आठवणीत हा क्रम खरे तर उलटा असायला हवा. पण माझी पत्नी पाहुण्यांना ही गोष्ट नेहमी तेलापासूनच सांगायची, आणि तिच्या तोंडून ती इतक्या वेळा ऐकली की आता मलाही तशीच आठवते. गेल्या हिवाळ्यात ती गेली. ही गोष्ट सांगणारे घरात दुसरे कोणी नाही, म्हणून सावकाश लिहून ठेवतो आहे. नाव कोणाचेच देत नाही.

तेव्हा मी जबलपूरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी घ्यायची, रात्रीच्या गस्तीचा रोजनामचा वाचायचा, कोठडीवर नजर टाकायची आणि मग चहा. चहा ओठाला लागला की पहिला तक्रारदार आत यायचा, हा ठाण्याचा अलिखित नियम. त्या दिवशी आला तो मझौलीकडचा एक शेतकरी. खांद्यावर मक्याच्या कणसांची पिशवी होती, ती त्याने सरळ माझ्या टेबलावर ठेवली.

"ये रिश्वत है क्या?" मी विचारले.

"नहीं साहब, भुट्टा है," तो शांतपणे म्हणाला.

त्याच्या गावाला पाण्याचे पाईप मंजूर झाले होते. पाईप आले नव्हते, पण सरकारी संकेतस्थळावर त्यांचे पैसे पुरवठादाराला दिल्याचे दिसत होते. त्याने मोबाईल पुढे केला. "पैसा पहुँच गया, पाइप रास्ते में खो गया. आप ढूँढ दीजिए."

मी हसलो आणि एका हवालदाराला चौकशीला पाठवले. संध्याकाळपर्यंत माझे हसू मावळले होते.

पाणीपुरवठ्याचे काम पाहणारे ते सरकारी कार्यालय. तिथली रीत अशी होती की बिल तयार करायचे लेखापालाने आणि मंजूर करायचे फक्त कार्यालयप्रमुखाने. मंजुरी म्हणजे डिजिटल सही. त्यासाठी पेनड्राइव्हएवढे एक टोकन असते. ते संगणकाच्या खाचेत लावायचे, पिन टाकायचा, की सही उमटते आणि पैसे निघतात. पाईपचे बिल तयार होऊन साहेबांच्या मंजुरीसाठी थांबले होते, कारण माल आल्याशिवाय ते सोडायचे नाही असे साहेबांनीच ठरवले होते. मग डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ते रजेवर गेले, आणि इकडे विश्वकर्मा पूजेच्या दिवशी दुपारी, त्यांच्याच सहीने बिल मंजूर झाले.

रजेवरून परतलेले साहेब काळा चष्मा लावून ठाण्यात आले. लेखी तक्रार त्यांनी बरोबरच आणली होती. संशयित म्हणून तिच्यात एकच व्यक्ती होती, त्यांच्या लेखापाल बाई. टोकन बाईंच्या ताब्यात होते, बस्स.

"रजेवर जाताना तुम्ही अधिकार कोणाला दिला होता?" मी विचारले.

"दिया किसी को नहीं था," साहेब म्हणाले. "बस रखवाया था."

हे वाक्य मी जबाबात जसेच्या तसे उतरवून घेतले. नियम साधा आहे. अधिकारी रजेवर गेला की लेखी आदेश निघतो: कोणाला, किती दिवस, किती रकमेपर्यंत. ज्याला अधिकार मिळतो तो स्वतःच्या टोकनने, स्वतःच्या नावाने सही करतो. मूळ अधिकाऱ्याचे टोकन त्याच्या खिशातच राहते. साहेबांना हे ठाऊक नव्हते असे नाही. पण आदेश काढला असता तर तो हुद्द्याने लगेच खालच्या, म्हणजे सहायक अधिकाऱ्याच्या नावे काढावा लागला असता, आणि त्याच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. विश्वास होता लेखापाल बाईंवर. म्हणून आदेश निघालाच नाही आणि टोकन बाईंच्या हातात आले, "सांभाळा" एवढ्या एका शब्दासह.

"और पिन?"

साहेब चष्मा सारखा करू लागले. त्यांना हात धरून आणलेला कार्यालयातला शिपाई दारातून म्हणाला, "साहब की पहली स्कूटर का नंबर है. साहब फोन पर ज़ोर से बोलते हैं न."

ठाण्यातले सगळे खाली मान घालून हसले. मला मात्र हसणे परवडणारे नव्हते. वरून फोनवर फोन येत होते की टोकन जिच्याकडे होते तिला अटक करायला काय अडचण आहे? बाईंची सेवानिवृत्ती तोंडावर आली होती. अटक झाली असती तर निलंबन, पेन्शन अडकणे, आणि ज्या वस्तीत त्यांच्या घराण्याने मान खाली घातली नव्हती तिथे ती घालणे, सगळे एकदम आले असते.

दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावले. महिला शिपायाला शेजारी बसवून जबाब सुरू केला. कार्यालयात सगळे त्यांना ताई म्हणत, मीही तेच म्हणालो. मूळ घराणे वर्ध्याकडचे, सासरे आणि नवरा दोघेही इथल्या संरक्षण कारखान्यात, घर कांचघर मोहल्ल्यात. मी मराठीत बोलतो आहे हे कळताच त्यांनी पदर सावरला आणि सरळ माझ्यावरच चढल्या.

"मले एक सांगा साहेब, मी पैसे खाणार असती तर पूजेच्या दिवशी काहून खाल्ले असते? एवढे तीनशे चौसष्ट दिवस पडले होते ना!"

"ताई, टोकन त्या दिवशी कुठे होते?"

"चौरंगावर."

"कसल्या चौरंगावर?"

"बापा! विश्वकर्मा पूजेच्या. आमच्या घरी त्या दिवशी पाना, हातोडी, सुया, कातरी, जे काही हत्यार असल ते पूजेत बसते. एकदा बसलं की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. हाफिसातबी तेच करतो आम्ही, साऱ्या संगणकायले कुंकू लावतो. साहेबांचं हत्यार म्हणजे त्यांची सही. मी ते टोकन चौरंगावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी उचललं, पुसलं, अलमारीत टाकलं. मधात मी हात नाही लावला. पूजेतल्या हत्याराला कोणी हात लावते काय?"

"आणि चौरंगाजवळ कोण होते?"

"दुपारी कोणीच नाही. सारे आंगणात पुरी-भाजी खाऊन राहिले होते."

कायद्याच्या नजरेने हा बचाव नव्हताच, उलट निष्काळजीपणाची कबुलीच होती. ज्या टोकनला कुलुपात असायला हवे ते दिवसभर उघड्यावर, झेंडूच्या फुलांत पडून होते. पण तीस वर्षे माणसे पाहिली की एक गोष्ट कळते. खोटे बोलणारा स्वतःला शहाणा ठरेल अशी गोष्ट रचतो. स्वतःला वेडे ठरवणारी गोष्ट कोणी रचत नाही.

उठता उठता मी सहज विचारले, "कुंकू पाण्यात कालवले होते का? यंत्र बिघडले असते की."

ताई माझ्याकडे पाहतच राहिल्या. "पाण्यात कसं कालवतील? लोखंडाले जंग लागते ना. कारखान्यात काम करणाऱ्यांच्या घरात कुंकू खोबरेल तेलातच कालवतात. माह्या सासूनं शिकवलं."

त्या संध्याकाळी जेवताना मी पत्नीला हे सांगितले. केस घरी आणायची नाही असा माझा नियम होता. आणायचीच तर पूर्ण आणायची, असा तिचा. संगणकतज्ज्ञांचा अहवाल यायला वेळ होता, आणि कार्यालयातले सगळे संगणक एकाच इंटरनेट जोडणीवर असल्यामुळे सही नेमकी कोणत्या संगणकावरून झाली ते ऑनलाइन नोंदीतून कळत नव्हते.

"तेलातलं कुंकू म्हणता?" ती पोळी उलटता उलटता म्हणाली. "अहो, मग ते राहिलंच असेल कुठं ना कुठं. नुसतं कुंकू झटकलं की जातं. तेलातलं एकदा बोटाला लागलं, की दाराची कडी, चहाचा कप, सगळीकडं लागत जातं. पुसणाऱ्याला वाटतं, निघालं."

"पण ताईंनी त्या दिवशी सगळ्याच संगणकांना कुंकू लावले होते."

"कपाळाला लावलं असेल," ती म्हणाली. "तोंडात नाही ना घातलं?"

मी हातातला घास तसाच ठेवला.

सकाळी दोन पंच घेऊन मी कार्यालयात गेलो. सहायक अधिकाऱ्याचा जबाब राहिलाच होता. तरुण, चुणचुणीत माणूस, बोलणे इस्त्री केल्यासारखे. त्यानेच मला चहा मागवला. प्रश्न विचारण्यापेक्षा गप्पा माराव्यात, असे मला माझ्या पहिल्या वरिष्ठांनी शिकवले होते. मी पूजेचा विषय काढला.

"सर, यह सब मैं नहीं मानता," तो हसून म्हणाला. "ऑफिस है, मंदिर थोड़े ही है. दीदी थाली लेकर आई थीं, मैंने दरवाज़े से ही हाथ जोड़ लिए. बोला, मेरे कंप्यूटर पर रंग मत लगाइए, वारंटी में है."

"मतलब आपके कंप्यूटर को टीका नहीं लगा?"

"एक बूँद भी नहीं."

"और साहब का टोकन?"

"मैंने तो हाथ में भी नहीं लिया, सर. साहब ने मुझे इस लायक समझा ही कहाँ. नियम से तो अधिकार मेरा बनता था."

शेवटचे वाक्य तो जरा जास्तच जोरात बोलला. ही तिन्ही उत्तरे मी लिहून घेतली, त्याला वाचून दाखवली आणि खाली त्याची सही घेतली. मग खिशातून टॉर्च काढला आणि त्याच्या संगणकाच्या पुढच्या खाचेत उजेड टाकला. पंचांनाही वाकून पाहायला सांगितले.

आतल्या कडेला एक बारीक, तेलकट, लाल रेघ होती.

शिपाई चहाचे कप घेऊन आत आला, आमच्याबरोबर वाकला, आणि अत्यंत भक्तिभावाने म्हणाला, "अरे साहब! आपके कंप्यूटर ने तो चुपके से पूजा करवा ली!"

सहायक अधिकाऱ्याचा चेहरा पाहून मला पुढचा प्रश्न विचारावाच लागला नाही. तो खुर्चीत बसला आणि पाणी मागितले. सगळे अंगणात जेवत असताना त्याने चौरंगावरून टोकन उचलले, रुमालाने पुसले, काम उरकले आणि पुन्हा फुलांत ठेवून दिले होते. पुरवठादाराशी त्याचे आधीच ठरले होते. रुमालाने वरवरचे कुंकू पुसले गेले, पण तेलातले टोकनच्या पत्र्याच्या कडेत राहिले आणि खाचेला लागले. पंचनामा झाला, त्याला अटक झाली, संगणक जप्त झाला. प्रयोगशाळेने पुढे संगणकातली नोंदही काढून दिली आणि खाचेतले तेल-कुंकू चौरंगावरच्या वाटीतलेच असल्याचे कळवले. पुरवठादाराच्या खात्यातले पैसे बँकेने तोवर अडवलेच होते. मझौलीला पाईप गेले, जरा उशिराच.

साहेबांवर विभागीय कारवाई झाली. ताईंनाही टोकन उघड्यावर ठेवल्याबद्दल लेखी समज मिळाली. ती घेऊन त्या ठाण्यात पेढे वाटायला आल्या.

"समज मिळाल्याचे पेढे?" मी विचारले.

"नाही जी. पेन्शन वाचल्याचे. समज तर मले सासूबी देत होती, तिनं कधी कागद नाही दिला."

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे कोणी विचारले तर मी एवढेच सांगेन की विश्वास टाकणे आणि अधिकार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साहेबांचा ताईंवर विश्वास होता, यात खोट नव्हती. पण आदेशाशिवाय टाकलेला विश्वास म्हणजे नुसते ओझे. वाहणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच येत नाही, आणि बिघडले की आळ मात्र त्याच्यावरच येतो. अधिकार द्यायचा तर नाव घेऊन, मर्यादा सांगून, सगळ्यांसमोर द्यावा, आणि घेणाऱ्याने तो स्वतःच्या सहीने चालवावा.

माझ्या पत्नीने हे माझ्यापेक्षा चांगले ओळखले होते. आजारपणात तिने घर माझ्या स्वाधीन केले ते असेच, रीतसर. दूध, गॅस, तुळस, कामवाल्या दीदींची सुट्टी, एकेक काम तिने समोर बसवून माझ्याकडून करून घेतले. "त्या साहेबांसारखं तोंडी 'सांभाळा' म्हणून जाणार नाही मी," ती हसत म्हणायची. "आणि माझ्या सहीनं घर चालवू नका. आमटी तुमच्या पद्धतीची झाली तरी चालेल."

काल विश्वकर्मा पूजा होती. निवृत्तीनंतर ताई दरवर्षी या दिवशी बुंदीचा प्रसाद घेऊन येतात आणि पत्नीच्या शिलाई मशीनला दोघी मिळून कुंकू लावत. काल त्या एकट्याच मशीनपुढे बसल्या. मी कापड काढून दिले. वाटीत तेल होतेच. चाकाला, सुईच्या दांडीला नीट बोटे लावून झाल्यावर त्यांचे लक्ष माझ्या टेबलाकडे गेले.

"काय लिहून राहिले साहेब?"

"तुमचीच गोष्ट."

"अच्छा? मग थांबा." त्यांनी माझे पेन उचलले, टोपणाला कुंकू लावले आणि मशीनशेजारी ठेवून दिले. "आता उद्यालोक हात नाही लावायचा."

"ताई, एकच पान राहिले आहे."

"काहून साहेब? पूजेतल्या हत्याराले हात लावला की काय होते, ते तुमच्यापेक्षा जास्त कोणाले ठाऊक हाय?"

म्हणून हे शेवटचे पान आज लिहितो आहे. पेन मी सकाळी चांगले दोनदा पुसले. तरी बोटे लाल झाली आहेत, आणि आत्ता पाहतो तर चहाचा कपही.