तुफानाचा नंबर

धैदच्या शेतांकडे जाणाऱ्या रस्त्यावर लियाकतचं वर्कशॉप कुणालाही विचारलं तर तो बोट दाखवायचा आणि वर थोडी तारीफ करायचा. दापोलीकडच्या खाडीकाठच्या गावातून हा माणूस विशीत दुबईला आला. देराच्या खोलीत आठजणांत दाटीवाटीनं झोपला, वेल्डिंग शिकला, डोळे जाळून घेतले आणि शेवटी शारजाच्या या आतल्या मुलखात स्वतःचं दुकान टाकून बसला. बकऱ्यांच्या शेड, चाऱ्याच्या शेड, टाक्यांचे स्टँड, सगळं करायचा. गर्व मात्र भारी. दुसऱ्याचा जोड दिसला की नाक मुरडायचा, "वेल्डिंग मारलीय की कावळा शिटलाय?"

धाकट्या बहिणीचा, उझमाचा नवरा हम्माद गावात रिकामा बसला होता. त्याला लियाकतनंच बोलावून घेतलं आणि जवळच्याच शेतावर अरबाबकडे, म्हणजे मालकाकडे, चिकटवलं. हम्माद गरीब स्वभावाचा. भाई म्हणेल ते ऐकायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्या शेतावरची चाऱ्याची शेडही लियाकतच्या हातची होती.

मार्चमधल्या एका दुपारी आभाळ काळंनिळं झालं. आधी गारा पडल्या, मग ढगातून सोंड उतरली आणि जमिनीला टेकली. वाळूच्या वावटळी इथे रोजच्याच, त्यांना कुणी भीक घालत नाही. पण ही गरगरत, घुमत शेतात शिरली तेव्हा माणसं जीव घेऊन पळाली. लियाकत त्या वेळी त्याच शेताच्या फाटकाची बिजागरी जोडत होता. गडी सिमेंटच्या पंपखोलीत घुसले. हम्माद मधोमध गोंधळून उभा होता. पंपखोली जितकी लांब, तितकीच शेड.

"हम्माद, शेडखाली जा! शेडखाली!" लियाकत ओरडला.

हम्मादनं ऐकलं. तो नेहमीच ऐकायचा.

वारा गेला तेव्हा खजुरीची रांग जागच्या जागी होती, कुंपणाचे खांबही उभे होते. वाट अरुंद होती त्या तुफानाची. शेड तेवढी आडवी झाली होती.

पोलीस आले, पंचनामा झाला, दफन शारजातच झालं. उझमानं नवऱ्याचं तोंड फोनवर पाहिलं. अरबाब भला माणूस. लियाकतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "खलास, अल्ला की मर्जी." कुणीही लियाकतला एक अक्षर बोललं नाही, आणि तेच त्याला सोसेना.

दुसऱ्या दिवशी देराहून, मुहैस्नाहहून, अबुधाबीहून गाववाले भेटायला येणार होते. लियाकतच्या गावाची एक रीत आहे. ज्या होडीतून माणूस बुडाला, ती होडी लोक दुखवट्याला यायच्या आत फोडून टाकायची. घरच्यांच्या नजरेला ती पुन्हा पडू द्यायची नाही. लियाकतच्या बापाची होडी अशीच फोडली होती. पहाट होताच तो गॅस कटर घेऊन शेतावर गेला. शेडचा एकेक खांब कापला. जमिनीतून वर आलेले बोल्टसुद्धा ग्राइंडरनं घासून सपाट केले, येणाऱ्यांच्या पायाला लागू नयेत म्हणून. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, त्यामुळे कापतोय ते नीट दिसतही नव्हतं. सगळा लोखंडाचा ढीग पिकअपमध्ये टाकला आणि भंगारात वितळायला पाठवून दिला. लोक आले तेव्हा जागा झाडून लख्ख होती.

आठवड्यानं दिया आली. एका सर्व्हे कंपनीची इंजिनियर, अबुधाबीतच वाढलेली मराठी मुलगी. तुफानाला रेटिंग द्यायचं काम तिचं होतं. मोकळ्या जागेकडे बघून ती थबकलीच.

"अंकल, शेड कुठे आहे?"

"तोडली, बेटा. रीत आहे आमची."

"ओह." तिनं वही मिटली. "अ‍ॅक्च्युअली, वारा आम्ही मोजत नाही. तो तर गेला. काय मोडलं आणि कसं मोडलं, त्यावरून झीरो ते फाइव्ह नंबर देतो. खांब वाकून पडला असेल तर टू, मेबी थ्री. मग कुठलीही शेड टिकली नसती."

"आणि वाकला नसेल तर?"

ती जरा अडखळली. "वेल्डच सुटला असेल, तर तेवढा वारा लागत नाही. तुम्ही कापताना बघितलं असेल ना? खांब सरळ होता की वाकलेला?"

लियाकतनं डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. ठिणग्या आठवल्या, धूर आठवला, हम्मादची चप्पल आठवली. खांब काही केल्या आठवेना. पोलिसांचे फोटो दियानं आधीच पाहिले होते. त्यांत नुसते पत्रे होते.

"मग काय लिहिणार?"

"खजूर उभे आहेत, फेन्स उभं आहे. झीरो लिहावं लागेल. सॉरी, अंकल."

"बेटा, दोन लिही ना." आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेला माणूस पोरीपुढे हात जोडून उभा राहिला. "दोनच."

दियाचे डोळे भरून आले. पण जे दिसलं नाही ते ती कसं लिहिणार?

लियाकत वर्कशॉपात परतला. दारातच त्यानं वेल्डिंग केलेला एक नवा खांब पडला होता. त्यावर त्यानं हातोडा मारला, जोड खणखणीत वाजला. दुसऱ्यावर मारला, तोही वाजला. त्यानं काय सिद्ध होणार होतं? त्या एका शेडचं उत्तर भट्टीत वितळून गेलं होतं, आणि ते त्यानंच पाठवलं होतं.

संध्याकाळी उझमाचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"भाई, गावात म्हणतात, तुफानाला नंबर देतात म्हणे. हम्मादच्या तुफानाला किती दिला?"

खरं सांगावं तर बहीण तुटणार, आणि खरं काय ते लियाकतला तरी कुठे माहीत होतं?

"पाच," तो म्हणाला. "सगळ्यात मोठा."

पलीकडे उझमा हमसून हमसून रडली. मग नाक पुसत म्हणाली, "मग तुझी शेड तरी काय करणार, भाई. तू जिवाला लावून घेऊ नको." पुढे तिनं विचारलं, "शेड तोडलीस ना रे? रीत केलीस ना?"

"केली."

"सगळी? काही ठेवलं नाहीस ना?"

"काही नाही ठेवलं."

"बरं केलंस, भाई," उझमा म्हणाली. "बरं केलंस."