आतल्या कप्प्याची पँट

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर मी सौदीत, अल खर्जच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून गेलो. कामगारांची वसाहतही माझ्याच अखत्यारीत होती.

खबर दिली बाजारातल्या शिंप्याने. तो रायगडचा. "साहेब, तुमच्या पॅकिंगमधल्या एकाने पँटला आतून जाड कप्पा लावून घेतला. घालून बसला, वाकला, बाहेरून काही दिसतंय का म्हणून सारखा विचारत होता. मोबाइलसाठी कुणी एवढं करत नाही."

मी समजलो. साध्या वेशात पिस्तूल बाळगताना मीही पँट अशीच निवडायचो. कापड जाड, म्हणजे वजनाने ओघळत नाही. कंबर किंचित सैल, पट्ट्याचे लूप दुहेरी शिलाईचे आणि रंग असा, की बघणाऱ्याच्या लक्षात राहू नये. टोचणारी पँट नको. हात सारखा तिकडे जातो आणि माणूस उघडा पडतो.

शिफ्ट सुटताना गेटवर सगळेच करड्या पँटीत होते. पण पायऱ्या उतरताना हा उजवा पाय जपून टाकत होता. केबिनमध्ये घेऊन झडती घेतली. खोकी कापायची सुरी निघाली. प्रकरण तिथल्या पोलिसांत गेलं असतं, तर तुरुंग आणि मग परत पाठवणी.

माणूस रत्नागिरीकडचा, चाळिशीतला. "कुणासाठी ठेवलीस?" मी विचारलं.

"चोरली, साहेब. चोरी लिहा."

"चोरलेली सुरी ठेवायला कुणी पँट शिवून घेतं?"

"मग आणखी काय पाहिजे ते लिहा. सही करतो."

कबुलीची एवढी घाई असलेला माणूस दुसरंच काही झाकत असतो. गार्डला बाहेर पाठवलं आणि चहा पुढे केला.

तो भिंतीकडे बघत बोलला. "सुपरवायझर स्टोअरमध्ये बोलावतो. दार आतून लावतो. नाही म्हटलं तर इकामा, इथं राहायचा परवानाच, रद्द करीन म्हणतो. मी बाप्या माणूस, साहेब. घरी दोन मुली आहेत. हे कुणाला सांगू?"

सुरी मी ठेवून घेतली आणि त्याला घेऊन मॅनेजरकडे गेलो. चौकशी सुरू होताच आणखी दोघे पुढे आले. सुपरवायझरला पोलिसांच्या हवाली केलं. गाडीत बसताना तो कॉलर नीट करत ओळखीच्यांना सलाम करत होता. आमचा माणूस मात्र जिन्याआड उभा, जणू अटक त्याचीच झाली होती.

त्याची नोकरी टिकली, तरी तो थांबला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "गावात कळणार नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. त्याने वर पाहिलं नाही.

कुणी हत्यार कुठे लपवलंय, हे मला चालण्यावरून कळायचं. त्याला ते का लागलं, हे विचारायला मी या माणसापाशी शिकलो. माझ्या सगळ्या नोकरीत एकाही पुरुषाने अशी तक्रार ठाण्यात दिली नव्हती. तसं घडतच नव्हतं, असं मी तेव्हा समजत होतो. आता वाटतं, दारापर्यंत कित्येक आले असतील आणि आमचे चेहरे बघून परत गेले असतील.