पत्रिकेतलं काकाचं नाव

मूर्तिजापुरात माझा छापखाना आहे. लग्नपत्रिकेत कुणाचं नाव राहिलं की भांडण आधी माझ्या दारात येतं. सहदेवभाऊंनी मात्र सख्ख्या धाकट्या भावाचं नाव स्वतःच्या हातानं खोडलं.

सहदेवभाऊ वांगी-कोथिंबीर पिकवणारे, मेहनती आणि जळके. बापाकडून दोघा भावांना एकच दुखणं आलं, किडन्या गेल्या. सहदेवभाऊ आठवड्यातून दोनदा एसटीनं अकोल्याला डायलिसिसला जातात. धाकट्या देवानंदनं परजातीच्या करिश्माशी लग्न केलं. तिच्या भावांनी त्याचा हात मोडला, पुढच्या वेळी जीव घेऊ म्हणाले. तेव्हा तिच्या शिक्षणाच्या व्हिसावर दोघं इंग्लंडला गेले. तिथं त्याचं दुखणं बळावलं. परत गेलो तर मारतील, मला आसरा द्या, असा अर्ज त्यानं तिकडच्या सरकारकडे केला. उपचार फुकट सुरू झाले.

"मी उभ्यानं अकोल्याले जातो, अन् त्याले घ्याले दवाखान्याची गाडी दारात येते," सहदेवभाऊ म्हणायचे. भावाचा मोडलेला हातसुद्धा त्यांना नशीबवान वाटायचा.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या दामिनीचं लग्न निघालं. पत्रिकेत काका म्हणून मी देवानंदचं नाव घातलं होतं. भाऊंनी लाल पेन उचलला.

"हे नाव काढ."

त्यानं घराण्याचं नाक कापलं, असं लोकांना सांगितलं. खरं कारण मला ठाऊक होतं, पण गिऱ्हाइकाशी कोण वाद घालणार.

दामिनीनं भाबडेपणानं काकाला पत्रिकेचा फोटो पाठवला. तिकडचं कोर्ट त्याला तेव्हा विचारत होतं, भारतात सख्खा भाऊ आहे, त्याच्या आधारानं का राहत नाहीस? वकिलानं पत्रिकाच पुढं ठेवली. भावानं नावही ठेवलं नाही, हे कोर्टाला पटलं. देवानंदला राहू दिलं, पण काही वर्षांपुरतं. मग पुन्हा चौकशी.

दिवाळीत त्यानं फोन करून दादाचे आभार मानले. भाऊंच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण जळलो, तेही त्याच्याच कामी आलं!

गेल्या महिन्यात मुलाच्या, शिवमच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन ते आले. सगळ्यात वर, ठळक अक्षरात देवानंद आणि सौ. करिश्मा. तिकडे फेरचौकशी तोंडावर आली होती. या वेळी फोटो आपण स्वतः कोर्टाला पाठवणार, भावाचा आधार दिसला की त्याला परत धाडतील, असं ते शांतपणे म्हणाले. मला त्यांची किळस आली. तरी नमुना काढला.

तो पाहायला ते आठ दिवसांनी आले. तोंड सुजलेलं, दोन पायऱ्या चढून धाप लागलेली. वादळात रस्त्यावर बाभळी पडल्या होत्या, म्हणून डायलिसिसची एक पाळी हुकली होती. नमुना हातात घेऊन ते बाकावर टेकले.

"एक पाळी चुकली तं माहे हे हाल झाले, धर्मपाल. त्याले वापस आणलं, तं तो करिश्माच्या भावायपासून जीव लपवंन का दवाखान्यात जाईन?"

त्यांनी लाल पेन मागितला.

"हे नाव काढ."

मी काढलं. दारातून ते परत वळले. देवापुढं ठेवायची पहिली पत्रिका तेवढी नाव ठेवून छाप, म्हणाले. एकच. तिचा फोटो कुणाला काढू देणार नव्हते.

"अन् त्याले सांगू नको. लय माजंन तो. आधीच दारात गाडी येते त्याच्या."